अर्धी पोळी

सुनीतीबाईंनी आज पोळी मोडली नाही.

त्यांचा मुलगा नीळकंठ समोर ताट घेऊन वाट बघत होता. वय चौपन्न, कचेरीत बाबू, लग्नाचं राहूनच गेलं. रोज आई आपल्या पोळीतली अर्धी त्याच्या ताटात टाकणार, मगच हा पहिला घास घेणार. आता काय म्हणावं या माणसाला!

"आई, अर्धी?"

"आज नाही. कणीक परातीत आहे. ऊठ, कर."

"मले येते का?"

सुनीतीबाईंच्या पोटात गाठ होती. दिवाळी निघाली तर निघाली, असं डॉक्टर म्हणाले होते. नीळकंठनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. अन् काल पुण्याच्या लेकीची मुलगी, ऋचा, मोबाईलवर किलर व्हेल मासे दाखवून गेली. कोळशाच्या ट्रकाएवढी काळीपांढरी धुडं.

"आजी, यांच्यात मुलगा कितीही मोठा झाला तरी आईलाच धरून राहतो. आई मासा पकडते, फाडते, अर्धा त्याला देते."

"अन् आई गेली म्हणजे?"

"मग बरेचदा तोही फार दिवस टिकत नाही."

नीळकंठ हसला होता. सुनीतीबाईंनी ते पुन्हा दाखवायला सांगितलं होतं.

"तुले घास जात नाही, मले दिसते ना," नीळकंठ आता रडकुंडीला आला. "काहून असं करून राह्यली? दे ना अर्धी."

सुनीतीबाईंनी एक तुकडा तोडला. घास कोंबला. उमळून आलं, ते पाण्याबरोबर खाली ढकललं. दुसरा घास. तिसरा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण अख्खी पोळी त्यांनी संपवली. अर्धीसुद्धा उरू दिली नाही.

नीळकंठ ताडकन उठला. स्वयंपाकघरात भांडी आपटली. "लायटर कुठं ठेवते तू?"

"शोध."

बऱ्याच वेळानं तो पोळी घेऊन आला. एका बाजूनं करपलेली, दुसरीकडून कच्ची. पण केली होती, त्यानं स्वतः केली होती! सुनीतीबाईंना इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. त्या काही बोलणार, तोच त्यानं पोळी मधोमध फाडली आणि अर्धी त्यांच्या ताटात टाकली.

"अरे, अख्खी खाय रे," त्या हात जोडून म्हणाल्या. "तुह्या पाया पडते, अख्खी खाय."

"तू सुरू कर आधी," नीळकंठ म्हणाला, आणि त्यांच्या हाताकडे बघत बसून राहिला.