उजवी कड

"बाबा, आज एकही गाडी नाही. सगळा रस्ता आपला," असं म्हणत माझ्या सुनेनं, मृण्मयीनं, माझ्या हेल्मेटचा पट्टा आवळला. जर्मनीतला मोझेल नदीकाठचा हा रस्ता वर्षातून एक रविवार फक्त सायकलींसाठी ठेवतात. लोक रस्ताभर पसरून मजेत चालले होते. मी मात्र उजव्या कडेची पांढरी रेघ सोडत नव्हतो.

चढ लागला. दोन्ही बाजूंना द्राक्षमळे होते. एरवी घड हातात घेऊन बघायला मी नक्की उतरलो असतो. आता नुसते पायडल मारत राहिलो.

गेल्या वर्षी गाड्या चालू असताना कौस्तुभ, माझा मुलगा, मला याच चढावर घेऊन आला होता. मी ओझरला चाळीस वर्षं डावीकडूनच सायकल चालवलेली. वळण आलं आणि सवयीनं डावीकडे गेलो. मला उजवीकडे लोटायला तो मध्ये आला आणि समोरून गाडी आली. तेव्हापासून मृण्मयी एकच सांगत आलीय, "बाबा, तुमची काही चूक नव्हती."

आज तेच वळण आलं. पाय भरून आले होते, डोकं रिकामं होतं. मी पुन्हा डावीकडे गेलो.

"बाबा, उजवीकडून!" मागून मृण्मयी किंचाळली. "अजून किती वेळा सांगायचं तुम्हाला? अजून कोण हवंय?"

समोर रस्ता मोकळा होता. मी उजवीकडे आलो.

वर्षभर ती माझ्याशी गोड बोलत होती. खरं आज बोलली.