दोनशे वर्षांचं काउंटर

“हे काउंटर जुनं नाहीच मुळी,” पबचा मालक म्हणाला, आणि तपासणीला आलेल्या बाईंच्या हातातली टेप जागच्या जागी थांबली.

एवढं एक वाक्य त्याच्या तोंडून ऐकण्यासाठी ती लहानपणापासून थांबली होती. टेपचं दुसरं टोक धरून तिचे बाबा उभे होते. मालकाने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. बाईंबरोबर आलेला कोणी म्हातारा हरकाम्या, असं समजून त्याने त्यांना केव्हाच मोडीत काढलं होतं.

मालकाला पब पाडून जागा बिल्डरला विकायची होती आणि घोडं तिच्या सहीपाशी अडलं होतं. वास्तू जपण्यालायक ठरली, तर त्याला तिथला एक खिळाही हलवता येणार नव्हता. म्हणून सकाळपासून तो स्वतःच्याच पबची नालस्ती करत होता. मूळ छत आगीत गेलं, हे नंतरचं. रंगीत काचा वडिलांनी हौसेने बसवलेल्या. उंबऱ्याचा झिजलेला दगडसुद्धा कुठल्याशा पडक्या गोदामातून उचललेला. हे सगळं तिला पटलं. राहता राहिलं ते काउंटर. भिंतभर लांब, काळपट, कडेने द्राक्षांची वेल कोरलेलं. दोनशे वर्षांपूर्वी फुटलेल्या जहाजाचं हे लाकूड, अशी थाप मालक आयुष्यभर मारत आला होता आणि त्या थापेवर पब चालला होता. लोक लांबून नुसता हात लावायला यायचे.

काउंटर बाबांनी केलं होतं. तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते. वेलीच्या टोकाला, पानाआडून एक दातपडकी पोर हसते, ती हीच. मालक त्या कोरलेल्या पोरीला जलपरी म्हणायचा.

एकदा बाबा आपल्या मेहुण्याला काम दाखवायला घेऊन आले आणि न राहवून चारचौघांत म्हणाले, हे माझ्या हातचं. मालकाने भरल्या पबात त्यांची कॉलर धरली. “दारुड्याच्या हातून असं काम होईल?” असं म्हणत त्याने त्यांना दाराबाहेर ढकललं. बाबांनी थेंबही घेतला नव्हता. पण ‘दारुडा मिस्त्री’ हे नाव गावभर झालं. कामं बंद झाली, रंधा माळ्यावर गेला आणि आईने लोकांचे कपडे शिवून घर ओढलं. त्या माणसाचं वाटोळं व्हावं, असं तिला तेव्हापासून मनापासून वाटत आलं होतं.

“जुनं नाही, तर मग कोणी केलं?” तिने मुद्दाम मोठ्याने विचारलं. कोपऱ्यातली नेहमीची गिऱ्हाइकं माना वळवून ऐकू लागली.

एका मिस्त्रीने केलं, माझ्या डोळ्यांदेखत, मालक म्हणाला. त्यालाच खोटा ठरवून हाकललं होतं ना, असं तिने विचारल्यावर तो चपापला. पण बिल्डर डोळ्यांपुढे होता. मिस्त्री खरं बोलत होता, हे त्याने कबूल केलं.

तिचा जीव थंड झाला. आता अहवालात बाबांचं नाव घालायचं आणि उठायचं. मग पब पाडेना का मेला. तिने सांगितलं, की तुमच्या शब्दावर भागायचं नाही, तो मिस्त्री स्वतः म्हणाला तरच मला तसं लिहिता येईल, नाहीतर काउंटर जुनंच धरावं लागेल.

“आता तो कुठे शोधू मी?”

“तुमच्यासमोर उभा आहे.”

मालकाने आधी डोळे बारीक केले. मग त्याचा चेहरा पडला. काउंटरमागून तो लगबगीने बाहेर आला आणि त्याने बाबांचे दोन्ही हात धरले.

“मिस्त्री, झालं गेलं विसरा. सांगा ना बाईंना, तुम्हीच केलंत ना हे?”

बाबांनी हात सोडवून घेतले. वेलीवरून बोटं फिरवत ते सावकाश टोकापर्यंत गेले. दातपडक्या पोरीच्या गालावरची धूळ त्यांनी अंगठ्याने पुसली. इतक्या वर्षांनी ते आपलं नाव सांगणार, म्हणून तिने पेन उघडलं.

बाबा मालकाकडे वळले.

“काहीतरीच काय, मालक. दारुड्याच्या हातून असं काम होईल?”