दिवा लागण्याआधी

“तांबडा दिवा लागला की लगेच बटण दाब,” प्रोफेसरांनी बायकोला बजावलं. डोळ्यांना दिसल्यावर बोट हलायला किती वेळ लागतो, ते मोजायचं होतं. विद्यार्थी फिरकले नव्हते, म्हणून आज प्रयोगशाळेत तिलाच समोर बसवलं होतं.

पण दर वेळी दिवा लागण्याआधीच तिने बटण दाबलेलं असायचं.

“फसवतेस मला? दिव्याकडे बघ, वृंदा!”

“मी दिव्याकडे बघतच नाही. तुमच्या जबड्याकडे बघते. दिवा लावायच्या आधी तुम्ही दात आवळता. घरी मला मारायच्या आधीही आवळता.”

प्रोफेसरांनी दात आवळले.

हात मात्र वर गेलाच नाही. त्याआधीच तिने दिव्याचा लोखंडी स्टँड उचलून त्यांच्या जबड्यावर हाणला होता.