हात न लावता

“बाईचा हात लागला की बिअर नासते. यंदा तू लांबच राहा,” नाताळची काळी बिअर बाटल्यांत भरायच्या दिवशी सासरे मला चारचौघांत म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बारा वर्षं बार्ली मी भाजतेय, बाटल्या मी उकळतेय, फेस यावा म्हणून प्रत्येक बाटलीत चमचाभर साखरही मीच घालतेय! सासऱ्यांनी नुसतं ओतायचं आणि गावभर मिरवायचं.

राहिले लांब.

नाताळच्या दुपारी त्यांनी पाहुण्यांसमोर ऐटीत पहिली बाटली उघडली. ना आवाज, ना फेस. दुसरी तशीच, तिसरीही. ग्लासात नुसता काळा काढा.

“हिनेच हात लावला असणार!” सासरे कडाडले.

मी साखरेचा डबा त्यांच्यापुढे आदळला.

“यंदा एकाही बाटलीला नाही लावला, पप्पा!”