पाठीवरचा पंप

पोशीरच्या सोमाने भातावर औषध मारायला नवा पंप घेतला, तो पहिल्याच मोसमात झाकणापाशी गळायला लागला. औषध पाठीवर ठिबकायचं आणि कातडी सोलवटायची. झाकणाला एक रबरी वायसर बसवा, एवढंच त्याने मास्तरांकडून कंपनीला लिहवून घेतलं. चार वर्षांत सात पत्रं गेली. दर वेळी आभाराचं छापील कार्ड तेवढं आलं.

यंदा मात्र कंपनीचा साहेब स्वतः जीपने दारात आला. सोमाला हायसं वाटलं. "बघा सायेब, काय दशा झाली हाय," म्हणत त्याने सदरा काढून पाठ दाखवली.

साहेबाने पिशवीतून कॅमेरा काढला.



"सगळ्यात जास्त पत्रं तुमचीच, म्हणून जाहिरातीला तुम्हालाच निवडलंय. सदरा घाला, पंप पाठीवर घ्या आणि जरा हसा."