प्रश्न क्रमांक सात

मुलांच्या नैतिक विकासाची पाहणी करायला जयमालाबाई बेलापूरहून आल्या होत्या. शेरा चांगला मिळाला तरच शाळेला अनुदान. दहावीच्या वर्गात त्यांनी सातवा प्रश्न विचारला, "सहामाहीत कॉपी कोणी केली?"

सगळे हात वर गेले.

हेडमास्तर अब्दुर्रहमान सर ओरडले, "अरे, गेल्या वर्षी तर कोणीच केली नव्हती ना?"

"सर, तेव्हा रमजान नव्हता," पहिल्या बाकावरचा मुआज म्हणाला. "रोज्यात खोटं कसं बोलणार?"

जयमालाबाई भारावल्या. "सर, तुम्हीही रोजे ठेवता?"

"अर्थात! तीस वर्षांत एकही सोडला नाही."

"मग सांगा, ह्यांना उत्तरं कोण पुरवतं?"

सरांनी शांतपणे घड्याळ पाहिलं.

"मॅडम, सूर्यास्त सहा छत्तीसला आहे. त्यानंतर विचारा."