काचेआडचं तूस

नंदाखाल गावच्या सुहासिनीबाई भात कापलं की दरवर्षी लोंब्यांचं तोरण मागच्या पडवीत टांगायच्या, परसातल्या चिमण्यांसाठी. यंदा एक जुडी उरली. ती त्यांनी शोभेला म्हणून बैठकीत, सासूबाईंच्या हातच्या जुन्या भरतकामाच्या चौकटीवर लावली. चौकटीत काचेआड दोन रेशमी चिमण्या फांदीवर बसलेल्या.

सकाळी बघतात तर लोंब्यांत एक दाणा उरला नव्हता. खिडक्या बंदच होत्या. आणि तूस पडलं होतं ते काचेच्या आत.

"आई, हे आजच्या आज भंगारात देऊन टाकू," सून पिंकी दारातूनच म्हणाली.

"का म्हणून? परसातली पाखरं जेवलेली चालतात तुला. ही तर घरातली."

"आई... त्या दोनच होत्या ना?"

सुहासिनीबाईंनी मोजल्या नाहीत. चौकट उतरवून त्यांनी मागचे खिळे उपसले, काच बाजूला ठेवली, ओंजळीत नवे दाणे घेतले आणि हात थेट कापडाला भिडवला.

"खा गं बायांनो. कोण हाकलतंय तुम्हाला, बघतेच मी."

परसातली चिवचिव एकदम थांबली.

तळहाताला चोच लागली. मग दुसरी, मग तिसरी. सुहासिनीबाईंनी हात मागे घेतला नाही.